वाकलेली बाई

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

संपलं सगळं. चार महिने ही मातीची बाई केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. फोटो जोडले की ती भातलावणी करताना दिसते. शुक्रवारी फिल्म स्पर्धेला पाठवायची. आणि आज कामावरून येऊन बघते तर बाई टेबलावर ताठ उभी! पाठ सरळ, हातातलं रोप बाजूला काढून ठेवलेलं.

आईवर ओरडले. ती कालच अकोले तालुक्यातल्या गावाहून आलीय, तिला काय माहीत? म्हणाली, "कालपासनं बघती, नुसती वाकलेली हाय बिचारी. म्हटलं कंबर धरली असंल, म्हून हुबी केली."

कंबर! नेमकी किती वाकली होती ती? कालचा फोटो स्क्रीनवर लावून बसलेय. जुळवता येईलही कदाचित. दोन बोटांनी पाठ दाबायची, बस. मग का नाही दाबत मी?

आई समोर बसलीय. उभा जन्म लावणीत गेला तिचा. एक हात स्वतःच्या कंबरेवर, आणि बघतेय, मी त्या बाईचं काय करते ते.

शुक्रवार तोंडावर आलाय. हात धजत नाही माझा.