नाक्यावरची फळी आणि गुरम्माची डोण

सोलापूर, ता. ८ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप गं. भा. गंगाक्काच्या चरणी धाकट्या गुरुसिद्धप्पाचे कृ. सा. शरणार्थ. वि. वि.

मल्लप्पाच्या गाडीतून धाडलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पावली. भाकरी पाण्यात न भिजवता खाल्ली म्हणून दाढ दुखते आहे, पण तो दोष भाकरीचा नव्हे.

आता बातमी ऐक. शहरातली रहदारी सुधारण्यासाठी आमच्या कचेरीने एक कमिटी नेमली आहे आणि तिचा सेक्रेटरी तुझा भाऊ! तेवीस वर्षं गटारं आणि फरश्या मोजणारा ओव्हरसियर एकदम सेक्रेटरीसाहेब. हसू नकोस. अध्यक्ष एक पेन्शनर इंजिनियर आहेत, शिवाय एका गिरणीचे मॅनेजर, फौजदार आणि एक डॉक्टर. गिरणीचा भोंगा झाला की माझ्या घरापुढच्या निंबाच्या नाक्यावर सायकली, टांगे, लॉऱ्या आणि बैलगाड्या यांचा असा काला होतो की मधल्या पोलिसाचा हात कुणालाच दिसत नाही. म्हणून आम्ही तिथे खांब रोवून वर एक फळी बसवणार आहोत. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. पोलिसाने खालचा दांडा फिरवायचा. लाल दिसली की थांबायचं, हिरवी दिसली की निघायचं. दिवेलागणीनंतर रंगीत काचेचा कंदील. डॉक्टरांनी विचारलं की काही माणसांना लाल-हिरव्यातला फरकच कळत नाही, त्यांनी काय करायचं? त्यावर अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि चहा मागवला.

खरं सांगू का अक्का, माझी गुरम्मा देवाघरी गेल्याला दोन वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी बैठकीला गेलो की कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढतं, कागद आणलेत का म्हणून विचारतं. बाकीचे पाच दिवस कुलूप काढून घरात जायचं, आणि सकाळी वाळत घातलेलं धोतरसुद्धा जिथल्या तिथे दिसतं. अहवाल छापून निघेल तेव्हा खाली माझं नाव असेल. एक प्रत तुला पाठवीन.

थोरलेपणाने जीव लावतेस तो तसाच लावावा, ही विनंती.
तुझा गुरुसिद्धप्पा

*

मैंदर्गी, १५ नोव्हेंबर

चि. तम्मा गुरुसिद्ध यास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. अप्पांनी लहानपणी पाटीवर गिरवून घेतलं त्याचा मला हाच काय तो उपयोग, की तुजी पत्रं दुसऱ्याकडनं वाचून घ्यावी लागत न्हाईत. सेक्रेटरी झालास, लई बरं वाटलं. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हंजे आता पगार वाढला असंल की. मी म्हटलं, न्हाय गं बाई, नुसता चहा वाढलाय.

पण एक सांग. तुमची ती लाल-हिरवी फळी आमच्या गाडीवाल्यांना कोण समजावणार? कुंभारी गाव मागं पडलं की मल्लप्पा गाडीत आडवा होतो. त्याचे बिळ्या आणि कऱ्या, पांढरा आणि काळा, दोगं सरळ तुज्या दारातल्या गुरम्माच्या दगडी डोणीपाशी जाऊन उभं राहत्यात. पाणी पिताना घुंगरं वाजली की हा डोळं उघडतो. त्याच्या बापाच्या बैलांपासनं आज वीस वर्सं असंच चाललंय. मैंदर्गीच्या सगळ्या गाड्यांची हीच रीत हाय.

डोण रोज भरतोस न्हवं? का सेक्रेटरी झाल्यावर घागर उचलायला लाज वाटाय लागली? संक्रांतीला तुमच्या गड्ड्याच्या जत्रंला यावं असं मनात हाय, पण गुडघा म्हणतो घरीच बस. तूच ये की. हितं मी आणि भिंती. रात्रीचं एकटीपुरतं चूल पेटवायला जीवावर येतं, मग सकाळचंच खाऊन झोपते.

दुधात भाकरी कुस्करून खा, आणि अक्काची आठवण ठेव.
गंगाक्का

*

सोलापूर, २ डिसेंबर

ती. गंगाक्काच्या चरणी सा. शरणार्थ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नये. फळी उभी राहिली! गेल्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. दांडा फिरवायला रामहरी नावाचा पोलीस नेमला आहे. माणूस मन लावून काम करणारा, फळी फिरवण्याआधी दर वेळी तिला हात जोडतो. घोटाळा एवढाच झाला की फळी कशी फिरते ते पाहायला चारी बाजूंनी इतकी माणसं गोळा झाली की कुणाला पुढेही जाता येईना आणि मागेही. मॅनेजर म्हणाले, रहदारी थांबवण्यात आपण पूर्ण यशस्वी झालो. अध्यक्षांना ते आवडलं नाही. आता मात्र लोक हळूहळू शिकताहेत. टांगेवाले तर लाल फळीपाशी थांबून बिडी पेटवून घेतात.

डोणीची काळजी नको. खांबाला जागा हवी म्हणून ती थोडी मागे घेतली आहे, इतकंच. जत्रेच्या आधी अहवाल पुरा व्हायचा आहे, त्यामुळे गावी येणं या महिन्यात जमेलसं दिसत नाही.

गुडघ्याला तेल लावावं. धाकट्यावर माया असू द्यावी.
तुझा गुरुसिद्धप्पा

*

मैंदर्गी, १६ डिसेंबर

चि. गुरुसिद्धप्पास आशीर्वाद.

काल मल्लप्पा चालत घरी आला. संगट नुसता बिळ्या. त्याच्याकडनं सगळं ऐकलं. तू मला कायबी कळवलं न्हाईस, म्हणून मीच लिवते.

फळी हिरवी होती म्हणं. गाडी पुढं जायला पायजे होती. पण बैल न्हेमीच्या जाग्यावर आलं आणि उभं राहिलं. तितं डोण न्हवती, खांब होता. दोगंबी खांबाच्या बुडाला हुंगत राहिलं. मल्लप्पा झोपलेला. मागनं लॉरी आली, हिरवी बघून जोरात आली, आणि गाडीवर आदळली. मल्लप्पाचा खांदा निखळला, कऱ्याचा पाय मोडला. कऱ्या तितंच रस्त्याच्या कडंला गेला. फौजदारानं गाडीचा बिल्ला काढून घेतला. तुमच्या कमिटीचा निकाल होईस्तवर सोलापुरात गाडी आणायची न्हाय म्हणून ताकीद दिलीया. गाडी बंद झाली तर त्यानं खायाचं काय? लेकरासारखा रडत होता माज्या वट्यावर.

थोडी मागं घेतली म्हणालास. मल्लप्पा सांगतो, डोण पोलीस चौकीच्या परसात पालथी पडलीया. माज्यापाशी खोटं बोललास तम्मा. लहानपणी गूळ खाऊन तोंड पुसायचास, तवाबी मला कळायचं.

लाल काय आणि हिरवी काय, बैलाला ठावं असतं व्हय रे? त्याला पाणी ठावं.

बाकी काय लिवू.
गंगाक्का

*

सोलापूर, २१ डिसेंबर

ती. गंगाक्काच्या चरणी शरणार्थ. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून चार दिवस हिंडलो.

सगळं सांगतो. जागा पाहायला कमिटी माझ्या दारात आली होती. अध्यक्षांनी काठीने डोण ठोकून विचारलं, ही कुणाची? काढता येईल का? मी लगेच म्हणालो, येईल, काहीच अडचण नाही. कुणाची ते सांगितलंच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मॅनेजरांनी पाठीवर हात ठेवला. तेवढ्यासाठी अक्का, त्या एका हातासाठी मी गुरम्माची डोण देऊन टाकली. तीन गड्यांनी ती नेली तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं. गाडीवाल्यांना सांगावं, चार दिवस तिथे माणूस उभा करावा, हे मला सुचलंसुद्धा नाही. वीस वर्षं गावची जनावरं माझ्याच दारात पाणी प्यायली आणि मीच विसरलो.

अपघात झाला तेव्हा मी कचेरीत होतो. घरी आलो तर कऱ्यावर गोणपाट टाकलेलं होतं.

आता अहवालात लिहायचं आहे. अध्यक्षांनी मजकूर सांगितला: गाडीवानाची झोप आणि निष्काळजीपणा यांमुळे अपघात, सबब बैलगाड्यांना या रस्त्याने मनाई करावी. मी तो लिहून सही केली की झालं. नाही लिहिला तर माझी जागा जाणार, तिथे बसवायला दुसऱ्याचं नाव कालच निघालं आहे. मला भीती वाटते, अक्का. नोकरीची नाही, नोकरी राहील. मंगळवारची आणि शुक्रवारची भीती वाटते. ते दोन दिवस गेले तर मी काय करू? हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यावाचून कुणाला लिहिणार?

काय करू ते कळव.
तुझा गुरुसिद्धप्पा

*

मैंदर्गी, २७ डिसेंबर

चि. तम्मास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

काय लिवायचं ते तुजं तू बघ. कमिटी तुजी हाय, माजी न्हाय. मी तुला एकच गोष्ट सांगते. आजवर सांगितली न्हाई, कारण गुरम्मानं नको म्हटलं होतं.

लग्न होऊन ती सोलापुरात आली, तवा तू दिवसभर कचेरीत. पोर-बाळ न्हाय, शेजारी कानडी बोलणारं कोण न्हाय. तवा तिनं माहेरची ही डोण मल्लप्पाच्या बापाकडनं गाडीत घालून आणवली. मी एकदा तुमच्याकडं राहायला आले होते. दोन-दोन घागरी कडंवर घेऊन ती डोण भरत होती. मी रागावले, म्हटलं, आख्ख्या मैंदर्गीच्या बैलांचा मक्ता तूच घेतलाईस व्हय गं? तर ती म्हणाली की बैलांना तहान लागती म्हणून न्हाय अक्का, गावाकडचं कोण तरी दारात थांबावं म्हणून भरते. बैल पाणी पितंय तवर गाडीवान दोन शब्द बोलतो, तेवढ्यावर माजा दिवस जातो.

तुला वाईट वाटंल म्हणून सांगू नको म्हणाली होती. आता सांगितलं.

मल्लप्पाचा खांदा वैद्यानं बसवलाय. गुडघा हाय तसाच हाय. पोटभर जेवत जा.
गंगाक्का

*

सोलापूर, ९ फेब्रुवारी १९३६

ती. गंगाक्काच्या चरणी शिरसाष्टांग शरणार्थ. वि. वि.

दीड महिना पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. तुझं ते पत्र वाचल्यावर हातात टाक धरवत नव्हता. अठरा वर्षं एका घरात राहिलो अक्का, आणि ती दिवसभर कुणाची तरी वाट बघते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तिला जनावरांची आवड आहे.

अहवालाला मी माझा वेगळा कागद जोडला. डोण हलवायला होकार मी दिला, ती माझ्याच दारातली होती, गाडीवाल्यांना कुणी कळवलं नाही, बैल सवयीने थांबले, गाडीवानाचा त्यात दोष नाही, असं स्वच्छ लिहिलं आणि खाली सही केली. अध्यक्षांनी तो वाचला. फार सभ्यपणे म्हणाले की आपली प्रकृती बरी दिसत नाही, आपण विश्रांती घ्यावी. पुढच्या मंगळवारी माझ्या खुर्चीत दुसरे गृहस्थ होते. अहवाल छापून निघाला, त्यात माझं नाव नाही. माझा कागदही नाही. तुला प्रत पाठवत नाही. पण रामहरीची जबानी फौजदारांनी स्वतः घेतली होती आणि ती माझ्या कागदाशी जुळली. तेव्हा निष्काळजीपणा हा शब्द गळला, गाड्यांची मनाई गळली, आणि मल्लप्पाचा बिल्ला परत मिळाला.

डोण मी चौकीतून मागून आणली. खांबापासून सहा पावलांवर, माझ्या उंबऱ्याला लागून बसवली. रोज सकाळी भरत होतो. महिनाभर कुणी आलं नाही. मैंदर्गीच्या गाड्या धास्तीने दुसऱ्या वाटेने जात होत्या. दुपारी कावळे पाणी प्यायचे, संध्याकाळी मी ते निंबाला घालायचो. मंगळवार आणि शुक्रवार इतर दिवसांसारखेच झाले. खोटं कशाला सांगू, एका शुक्रवारी नवा सदरा घालून मी कमिटीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

काल सकाळी भोंगा होऊन गेला, नाका गच्च भरला होता, आणि अक्कलकोट रस्त्याने मल्लप्पाची गाडी आली! मल्लप्पा टक्क जागा, कासरा हातात घट्ट. बिळ्याच्या जोडीला नवा तांबडा बैल. फळी हिरवी होती. मल्लप्पा हाकत होता, तांबडा ओढत होता, पण बिळ्या खांबापाशी येऊन उभा राहिला तो राहिलाच. मान वळवून बघायला लागला. मागे लॉरी येत होती.

तेवढ्यात रामहरीने दांडा फिरवला. वेळ झाली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. फळी लाल झाली आणि तिच्यापुढे सगळा रस्ता थांबला. लॉरी थांबली, टांगे थांबले, सायकलवाले उतरले. लॉरीवाला भोंगा वाजवत होता, रामहरी त्याच्याकडे पाठ करून उभा. मल्लप्पाने जोडी डोणीपाशी वळवली. बिळ्या प्यायला, त्याचं बघून तांबडाही प्यायला. मी घागर घेऊन नुसता उभा होतो. मल्लप्पाने तुझ्या गुडघ्याचं सांगितलं, गावातल्या नव्या विहिरीला पाणी लागल्याचं सांगितलं. तेवढंच. मग फळी हिरवी झाली आणि तो गेला.

मला इतका आनंद झाला होता अक्का, की घागर तशीच घेऊन मी धावत घरात गेलो, गुरम्माला सांगायला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तोंड उघडलं, आणि मग आठवलं.

म्हणून तुला लिहिलं. पुढच्या खेपेला मल्लप्पाच्या गाडीत बसून ये. गाडीत गादी घालायला सांगितलं आहे. बैल दारात थांबतील, मी उभा असेन.

तुझाच,
गुरुसिद्धप्पा