पडद्यावरची अकरावी

१२ सप्टेंबर

शाळा आता आकाशातून येणार म्हणे! राजधानीच्या बेटावरून, रारोटोंगाहून, शिक्षण खात्याच्या बाई विमानातून उतरल्या. सोबत एक पडदा, दोन खोकी आणि आमच्या वाळूत एका दिवसात वाट लागेल असे बूट. सगळं बेट सभागृहात जमलं. जमायला वेळ लागत नाही, आम्ही आहोतच किती.

बाई म्हणाल्या, पुढच्या फेब्रुवारीपासून अकरावी इथेच, पुढे त्याच वर्गात बारावी. शिक्षक तिकडे, मुलं इकडे, मध्ये पडदा. सोळाव्या वर्षी घर सोडून बाराशे किलोमीटर जायला नको, नातेवाइकांच्या घरी दहा जणांत अंग चोरून झोपायला नको. अट एकच — पटावर किमान पाच नावं. चार झाली की वर्ग बंद.

चर्चचे तौइरा डीकन उठले. देवळात बसतात तसेच इथेही पहिल्या बाकावर. म्हणाले, "पोरं त्या पडद्यावर काय काय बघतील, कुणी सांगावं?" गेल्या आठवड्यात स्वतः माझ्या टेलिफोन ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर दोन तास कुस्ती बघून गेले.  मोत्यांचे मालक मेतुआ यांना अचानक शिक्षणाचा उमाळा आला. मुलं आपल्या पाण्याजवळच वाढली पाहिजेत वगैरे. दुपारनंतर शिंपल्यांच्या कामाला तीच पोरं हाताशी मिळतील, हे मात्र सांगायचं राहिलं त्यांचं. कायरेंगा हेडमास्तर तोंड पाडून बसले होते. दहावीपर्यंतचे सगळे विषय ते एकटेच शिकवतात. म्हणाले, "दोन वर्षं खडू मागतोय. पडदा बरा लगेच आला."

मग बाई हात वर करा म्हणाल्या. मी केला. माझी दोन्ही मोठी पोरं, रुआ आणि तिनी, अकरावीसाठीच जहाजात बसवून दिली होती. रुआ ऑकलंडला फरशा बसवतो. तिनी कुठे असतो हे त्यालाही नक्की माहीत नसावं. दोघांचा मिळून नाताळात एक फोन येतो. आता राहिली धाकटी पोरगी, अकाइती. तिला मी त्या जहाजात चढू देणार नाही, एवढंच. बाकी प्रगती, संधी वगैरे बाई जे बोलल्या ते छानच होतं.

१३ सप्टेंबर

हात सगळ्यात आधी वर केला म्हणून आज बायका मला पडदेवाली म्हणताहेत. म्हणू देत.

रविवार, १ ऑक्टोबर

प्रार्थना संपल्यावर देवळाच्या सावलीत दुसरी सभा भरली. ही खरी सभा. पांढऱ्या टोप्यांखाली सगळ्यांची तोंडं चालू.

शेजारची पोकोइना म्हणाली, "अगं मोएरोआ, पोरं बाहेर गेल्याशिवाय माणसं होत नाहीत."

"मग आपण कोण?"

"आपली गोष्ट वेगळी."

कशी वेगळी, ते काही सांगितलं नाही. मला बापानं धाडलं नाही. दहावी झाली, म्हणाला पुरे, घरी आईला मदत कर. बघा, किती छान निघाले! टेलिफोन ऑफिसात बसते, लोकांचे निरोप घेते, लोकांचे निरोप देते.

पोकोइना तशी चूक बोलत नव्हती, हे इथे लिहायला हरकत नाही. तिची पोरगी तिकडे जाऊन नर्स झाली. "पडद्यावरून सुई टोचायला शिकली असती का ती?" म्हणाली. मी म्हटलं, "आणि ती नर्स झाल्यावर सुई कुणाला टोचते? ऑकलंडवाल्यांना. तुझ्या गुडघ्याला कोण बघतं?" मग ती रुसली. तिच्या घरचा भोपळ्याचा गोड पोके दरवेळी खायला मिळतो, आज मिळाला नाही.

२० नोव्हेंबर

भाऊ तेकेउचा फोन, रारोटोंगाहून. तिथल्या शाळेत अकाइतीला जागा मिळते आहे. राहायला त्याच्याकडे. त्याची मुलगी तिच्याच वयाची. प्रयोगशाळा आहे, वाचनालय आहे, मुलींचा गाण्याचा गट आहे. "शुक्रवारपर्यंत कळव, ताई," म्हणाला. मी म्हटलं, "विचारून सांगते."

घरी आले. अकाइती ओट्यावर बसून मासे साफ करत होती. विचारायचं राहून गेलं. विसरले असेन. वय झालं.

२४ नोव्हेंबर

तेकेउचा फोन आला. म्हटलं, पोरगी नको म्हणते.

पंचवीस वर्षांत एकही निरोप गाळला नाही मी. मरणाचे सांगितले, पळून गेलेल्या बायकांचे सांगितले, सगळे शब्दाला शब्द. असू दे. एक गाळला तर आकाश कोसळलं नाही.

५ फेब्रुवारी

वर्ग सुरू! पाच जण — चार पोरगे आणि अकाइती. उपग्रहाची तबकडी माझ्या ऑफिसवर आहे म्हणून वर्गही माझ्या शेजारच्या खोलीत. मध्ये प्लायवुडची भिंत. म्हणजे अकरावी मलाही फुकट ऐकू येणार, इच्छा असो नसो.

पडद्यावर डेरेक सर आले. गोरे, उन्हानं लाल झालेले, फार उत्साही. "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं. पोरं अदबीनं वाट बघत होती. तौइरा डीकन उद्घाटनाला आले होते, त्यांना वाटलं सर प्रार्थना करताहेत. त्यांनीही डोळे मिटले. दहा मिनिटांनी सर हलले तेव्हा गणित अर्धं होऊन गेलं होतं.

२६ फेब्रुवारी

पाऊस. शाळा नाही. ढगांची सुट्टी.

१७ एप्रिल

आज प्रयोग होता. म्हणजे प्रयोग सरांनी केला, आमच्या पोरांनी बघितला. निळं पाणी कशात तरी ओतलं, गुलाबी झालं. "वास येतोय का?" असं सर विचारून बसले, मग स्वतःच ओशाळले. दुसऱ्याचं जेवण बघून ढेकर द्यायचा, तसला प्रकार.

पण खोटं कशाला लिहू. मातापो आहे ना, चौघांतला सगळ्यात उंच पोरगा — त्याचा बाप दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय. सकाळी बापाला आंघोळ घालून, भरवून येतो, मधल्या सुट्टीत धावत जाऊन कूस बदलून येतो. हा कुठल्या जहाजात बसणार होता? ह्याच्यासाठी अकरावी इथे नाहीतर कुठेच नाही. पहिल्या चाचणीत त्याला अकाइतीच्या खालोखाल मार्क. मेतुआ आणि डीकन यांनी एकदा ह्या पोराकडे बघून मग भाषणं करावीत. मीसुद्धा त्याच्यासाठी हात वर केला नव्हता म्हणा.

९ जुलै

फजिती झाली. सरांनी समीकरण घातलं. पाचही जण मख्ख. सर थांबले, ह्या वेळी खरंच थांबले होते. मी भिंतीपलीकडे निरोपाच्या वहीच्या मागे सोडवत होते, कधीपासून सोडवायला लागले कोण जाणे. तोंडातून निघून गेलं — "बावीस."

पोरं खो खो हसली. सरांनी विचारलं, "हे कोण बोललं?"

अकाइती म्हणाली, "आमचा टेलिफोन."

बरोबर होतं उत्तर. नोंद असावी.

३ सप्टेंबर

खात्याच्या बाई पुन्हा आल्या. बूट बदललेत. फोटो काढले — मुलं पडद्याकडे बघताहेत, मुलं पडद्याकडे बघून हसताहेत, मुलं हसतच नाहीत म्हणून पुन्हा एकदा हसताहेत. पोरांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या होत्या, जशा काही ती कुठे जायला निघाली आहेत.

बाईंनी अकाइतीला विचारलं, "घरी राहून शिकायला कसं वाटतं?"

"बरं."

बाईंनी लिहून घेतलं. नऊ-दहा शब्द तरी लिहिले, त्या एकातून कसे काढले देव जाणे.

१४ ऑक्टोबर

अकाइतीच्या वयाच्या मुली बेटावर दोन होत्या. दोघी जानेवारीतच गेल्या. चार पोरग्यांत ही एकटी. वर्ग सुटला की पोरगे पोहायला पळतात, ही धक्क्यावर जाऊन बसते. देवळात गाताना वरचा सूर हिचा असायचा, आता तोंड नुसतं हलतं. पोकोइना म्हणाली, "पोरगी वाळली गं तुझी." मी म्हटलं, "अभ्यास करते, तुझ्या पोरांना सवय नाही म्हणून कळत नाही."

घरी येऊन मासळी तिखटजाळ केली. नवरा दोन तांबे पाणी प्यायला.

३० नोव्हेंबर

चौघांतले दोघं मेतुआच्या मोत्यांवर गेले. कायमचे. मेतुआंचा शिक्षणाचा उमाळा फळाला आला. दहावीतून दोघं वर येताहेत. म्हणजे बारावीला मातापो, दुसरा एक आणि अकाइती, अकरावीला हे नवे दोन. बेरीज पुन्हा पाच. कायरेंगा सरांनी चारदा मोजली.

१२ डिसेंबर

लिहू की नको. लिहिते.

दुपारी मी ऑफिस बंद करत होते. अकाइती भिंतीला टेकून उभी. म्हणाली, "आई, मामानं गेल्या वर्षी विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?" पंचवीस वर्षं टेलिफोनवर काढली, आवाज कसा सरळ ठेवायचा ते येतं मला.

"मामेबहिणीनं लिहिलं होतं मला. जहाजातून पत्र आलं. गेल्या डिसेंबरातच कळलं. मी नको म्हणाले असं तू सांगितलंस, तेपण कळलं."

 वर्षभर हे पोटात ठेवून ही माझ्या ताटात जेवली! मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? भांडायचं होतंस."

"भांडणारच होते. मग कायरेंगा सरांनी नावं मोजली. मी धरून पाच होते. मी गेले असते तर मातापोनं काय केलं असतं?"

 मला वाटत होतं मी ठेवून घेतली पोरीला. मनातल्या मनात किती मिरवले होते मी त्यावर.

मग म्हणाली, "मामा म्हणतो, जागा ह्या वर्षीही आहे. पण बेरीज परत पाचच आहे ना." आणि एवढं बोलून ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मी जवळ घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेऊ? माझ्या बापानं मला जे केलं तेच मी हिला केलं. तो निदान तोंडावर नाही म्हणाला होता.

१३ डिसेंबर

तुताईला सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे होडीला सांगणं, पण सांगितलं. तो जाळं दुरुस्त करत होता. हात थांबला त्याचा. म्हणाला, "पोरगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली." मग पुन्हा जाळं घेतलं. थोड्या वेळानं म्हणाला, "तेकेउला फोन कर. आणि खरं सांग."

१४ डिसेंबर

तेकेउला फोन केला. खरं सांगितलं.   म्हणाला, "ताई, तू?" बाकी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

८ जानेवारी

पाचव्या नावासाठी बेट पालथं घातलं. मेतुआकडे गेले, त्या दोघांतला एक तरी परत द्या म्हटलं. म्हणाले, "शिक्षण काय, केव्हाही घेता येतं." मोठा माणूस, मोठं बोलणं! पोकोइनाच्या धाकट्याला विचारलं, तो नववीत दोनदा बसलाय, घाबरून झाडावर चढला. कायरेंगा सर म्हणाले, "मोएरोआ, नियम तो नियम. चार म्हणजे चार."

मी म्हटलं, "नियम दाखवा." त्यांनी कागद काढला. मी उभ्या उभ्या वाचला. दोनदा वाचला. मग सरांशी जरा बोलले. सर आधी हसले, मग चष्मा पुसला, मग रारोटोंगाला फोन लावून द्या म्हणाले. लावून दिला. बाईंनीही कागद वाचला. होकार यायला तीन दिवस लागतील म्हणाल्या.

११ जानेवारी

अकाइतीला सांगितलं, पाचवं नाव मिळालं.

"कोण?"

"आहे एक. तू पेटी भर."

"आई, खरं सांग. खोटं असेल तर मी जाणार नाही."

चांगली किंमत झाली माझ्या शब्दाला! पण राग आला नाही. कायरेंगा सरांकडे नेलं, कागदावरचं नाव दाखवलं. तिनं नावावरून बोट फिरवलं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली का रडली, कळलं नाही.

१९ जानेवारी

जहाज गेलं. सगळं बेट धक्क्यावर गात होतं. जहाजापर्यंत नेणाऱ्या होडीतून तिचा वरचा सूर धक्क्यापर्यंत ऐकू येत होता. मी गायले नाही. रडले, भरपूर रडले. पोकोइनानं हात धरून घरी आणलं, पोकेही दिला.

४ फेब्रुवारी

डेरेक सरांनी हजेरी घेतली. मातापो. मग दुसरा. मग नवे दोघं. मग सर अडखळले, कागद डोळ्यांजवळ नेला. "मोएरोआ. वय सत्तेचाळीस. इयत्ता अकरावी?"

नियमात वयाची अट कुठेच नव्हती. मी प्लायवुडच्या ह्या, वर्गाच्या बाजूला बसले होते. म्हटलं, "हजर."