दहा मशीन्सचं काम दोघांत

१२ ऑगस्ट
साखर कारखान्यातल्या आमच्या कॉम्प्युटर सेक्शनचं हेडपद रिकामं झालंय. यंदा हेड मीच. ठरलं!
क्लाउडचा रिपोर्ट काढला. ऊसनोंद, वजनकाटा, तोडणीचं टोकन, पगार... मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याची दहा मशीन्स. दहाच्या दहा नुसती लोळत पडलीत. आजवर कुणी बघितलंच नाही.

१६ ऑगस्ट
प्लॅन तयार. दहांचं काम दोनच मशीन्सवर. माझी ज्युनिअर पूजा म्हणाली, आवं सर, कारखानाच बंद हाय, तर मशीन्सनी करायचं काय? हंगामात बघू की लोड.
निगेटिव्ह थिंकिंग. हेड झालो की तिला ट्रेनिंगला पाठवतो.

२ सप्टेंबर
मायग्रेशन फत्ते. बिल दणक्यात उतरलं. लोड वाढला की आपोआप जादा मशीन चालू व्हायचं, ते सेटिंगही बंद केलं. खर्चिक सवय.
एमडी आप्पासो खूश. म्हणाले, लय झ्याक काम केलंस गड्या, हंगाम नीट सुरू झाला की हेडची ऑर्डर काढतो. मी फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी फलटणहून मेहुण्याचा अभिनंदनाचा फोन.

१० ऑक्टोबर
बिघाड झाला तर अलर्ट पाठवायला वेगळं मशीन आहे म्हणे. नुसता पहारा, काम शून्य. अलर्टही त्या दोन मशीन्सवरच बसवला. पूजा काहीतरी सांगत होती. मी फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

४ नोव्हेंबर, सकाळ
गव्हाणीत मोळी पडली, नारळ फुटले, हंगाम सुरू. ट्रॉल्यांची रांग पार हायवेपर्यंत. एकही अलर्ट नाही. याला म्हणतात डिझाइन!

दुपार
अजून एकही अलर्ट नाही. जेवण झालं. जरा पडलो.

संध्याकाळ
ट्रॅक्टरवाला हरिबा थेट सेक्शनमध्ये घुसला. काटा कवा चालू हुणार म्हणून विचारत होता, उनात ऊस वाळाय लागलाय म्हणाला. बाकीचं लिहिण्यासारखं नाही.
दोन्ही मशीन्स मोळी पडल्या पडल्याच गार झालेली. अलर्टही त्यांच्यातच, म्हणून तोही गार. यात डिझाइनचा दोष नाही. सगळा तालुका एकदम ऊस घेऊन येईल हे मला कुणी लेखी कळवलं नव्हतं.
पूजा दहाही मशीन्स उठवतेय. मी तिच्यासाठी चहा सांगितला. टीमवर्क.

९ नोव्हेंबर
आप्पासोंनी बोलावलं. म्हणाले, वीरधवल, तुझी आयडिया आमाला पटली रं. तुझं काम पूजाच्या टेबलावर आरामात बसतंय.
हेडची ऑर्डर तिच्या नावानं निघाली. मी उद्यापासून यार्डात, ट्रॉल्या लायनीत लावायला. वाईट वाटलं. पण फील्डचा अनुभव लागतोच.
शिट्टी दिलीय. नवीकोरी आहे.