उंदरांना पक्कड धरता येत नाही

प्रिय माजी जावईबापू,

एवढा मायना लिहून पाच मिनिटं नुसतं पेन धरून बसले होते. 'चिरंजीव' लिहावं तर तू माझ्या पोटचा नाहीस, नुसतं 'जावईबापू' लिहावं तर ते पद कोर्टाने सहा वर्षांपूर्वीच काढून घेतलं. 'माजी' म्हटलं की एखाद्या सोसायटीचा पडलेला अध्यक्ष डोळ्यांसमोर येतो, पण तूर्तास चालवून घे. गंमत बघ, जावई होतास तेव्हा मी तुला 'अहो' म्हणायचे, ताटात वाढतानाही बिचकायचे. सुटलास आणि 'अरे' झालास. आता तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला? तर फोनवर तू 'हो आई, बरं आई' करून मला गुंडाळतोस, आणि माझा आवाज जरा ओला झाला की लगेच 'सर्दी झालीय का' विचारतोस. हे सगळं मला न थांबता बोलायचं आहे, म्हणून पत्र.

तर विषय गाडीचा. गेल्या महिन्यात तू आलास, बॅटरीचा नट घट्ट केलास, हात धुतलेस, दोनदा वाढून घेऊन जेवलास आणि मग खिशातून तो चकचकीत कागद काढून माझ्यासमोर ठेवलास. चार वर्षं वापरलेली गाडी, क्लच नाही, गिअर नाहीत, वर एका वर्षाची हमी. आई, आता ही बदला, म्हणालास. काही बिघडलंच तर त्यांचा माणूस दारात येऊन गाडी घेऊन जातो, तुम्हाला कोणाची वाट बघायला नको. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. भांडी जरा जोरात आपटली असतील, तेवढंच.

अरे, एकोणीस वर्षांची झाली म्हणून काय झालं? ह्यांनी ती तळहाताच्या फोडासारखी जपली. घरात टेबलावरच्या धुळीत बोटाने नाव लिहिता यायचं, पण गाडीच्या बोनेटमध्ये बघून भांग पाडता यायचा. मागच्या सीटवरचं प्लास्टिक ह्यांनी फक्त तुमच्या लग्नाच्या दिवशी काढलं, आणि तुम्ही दोघं उतरल्याबरोबर पुन्हा चढवलं. ह्यांच्या माघारी ती तुझ्या हाती आली, आणि तू काकणभर जास्तच जपलीस. मग तुमचं मोडलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तू तुझ्या खोलीवर गेलास. मी कोणालाच दोष दिला नाही, तुम्ही दोघं शहाणे, भांडलातसुद्धा हळू आवाजात. पण घटस्फोट तुम्हा दोघांचा झाला ना? मला कुठे कोणी विचारलं? माझी सही होती का त्या कागदावर?

तिसऱ्याच आठवड्यात गाडी चालू होईना. मी घाबरत घाबरत तुला फोन केला, आणि तू दहाच्या ठोक्याला हजर. बॅटरीच्या तारेचा नट सैल झाला होता. कंपनामुळे होतं आई, जुन्या गाड्यांना होतं, म्हणालास. समोरचं घड्याळ बारावर जाऊन बसलं होतं, ते नीट लावलंस, चाकांतली हवा बघितलीस, जेवलास आणि सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन अर्धा तास झोपलास. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी रुसते, मी फोन करते आणि तू येतोस. सहा वर्षांत दोनदा चुकलास, एकदा ताप होता म्हणून आणि एकदा हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली, ती दुरुस्त करायला तुला जावं लागलं म्हणून. आता तूच सांग, ही गाडी गेली तर तू माझ्याकडे कशाला येशील? माझं घोडं तिथे पेंड खात होतं. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो वगैरे सगळं नंतर.

मधेच एक आठवलं, ते सांगून टाकते. त्या पहिल्या वर्षी तू एकदा गाडीखालून उठून आत आलास आणि चाचरत विचारलंस, आई, तिची एखादी जुनी नेलपॉलिश राहिलीय का घरात? माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, बायको गेली आणि हा पोरगा तिची नेलपॉलिश मागतोय! कपाटातून लाल बाटली काढून तुझ्या हातात ठेवली आणि पदराने डोळे पुसले. तुझी पाठ वळल्यावर लेकीला फोन करून चांगलं सुनावलं, की बघ कसा माणूस सोडलास. ती म्हणाली, आई, तो रंग मला कधीच शोभला नाही.

आणि आता त्याच लेकीचा परवा फोन. हसत हसत सांगते, तुला कळलं का, तो लग्न करतोय. मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते. लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली होती, आणि तू वरच्या मजल्यावरून फटीत तोंड घालून तिला गोष्टी सांगत बसलास, म्हणून जमलं म्हणे. लेक खरंच खूश होती, तुझ्याविषयी तिच्या मनात काही नाही. मीच मेली चरफडत बसले. अरे, माझ्या घरी बसून दोनदा वाढून घेतलंस, आणि एवढी बातमी पोटात ठेवून मूग गिळून गप्प बसलास? मग तो चकचकीत कागद आठवला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं आहे होय! नवा संसार मांडायचा तर आधी जुन्या म्हातारीची सोय लावून द्यायची. एका वर्षाची हमी, त्यांचा माणूस घरी येणार, म्हणजे तू सुटलास. मी ठरवलं, गाडी बघायला जायचं, तिच्यात पन्नास खोडी काढायच्या आणि कागद तुझ्या तोंडावर फेकायचा.

आपलीच गाडी घेऊन गेले. वाटेत भाजी घेतली होती, ती पिशवी हातात. विकणारा पोरगा टाय लावलेला, गोडबोल्या. माझ्या शेजारी बसून डाव्या कानात सारखा गाडीचे गुण सांगत होता. पहिल्याच वळणावर माझा रिकामा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला ब्रेक. पट्टा बांधला होता म्हणून पोरगा वाचला, नाहीतर उरलेले गुण त्याने काचेलाच सांगितले असते. त्यानंतर तो म्हणाला, मावशी, मी मागे बसतो. मग पुढच्या सीटवर मी भाजीची पिशवी ठेवली, तर गाडी जी कोकलायला लागली ती थांबेना. पिशवीत भोपळा होता अख्खा. त्याला पट्टा बांधा असं गाडीचं म्हणणं. शेवटी बांधला. गावभर मी आणि भोपळा पट्टे लावून फिरलो, आणि मागे तो पोरगा दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसलेला. मी मनातल्या मनात खोडी मोजत होते. फक्त उतरून त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या चढले तेव्हा जाणवलं, की गुडघा दुखत नाहीये. ते मी कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

तेवढ्यात, बदल्यात किती पैसे द्यायचे ते ठरवायला, त्यांच्या मिस्त्रीने आपली गाडी तपासायला घेतली. जाड चष्म्याचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. इंजिन ऐकून त्याने मान डोलावली, तेव्हा माझी छाती फुगली. मग त्याने बॅटरी बघितली, टॉर्च मारला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि मला बोलावून विचारलं, बाई, हा नट सारखा सारखा कोण सोडवतं?

आता तुला खरं सांगायलाच हवं. पहिल्या वेळी तो आपोआपच सैल झाला होता, देवाशपथ. पण तू आलास, जेवलास, त्या सोफ्यावर घोरलास, आणि घरात कितीतरी दिवसांनी माणूस असल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात मी वाट बघितली, तर मेला नट सैल होईचना! मग शनिवारी संध्याकाळी शिलाई मशीनच्या पेटीतली पक्कड घेतली आणि खाली गेले. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते मला शिकवायला नको. पुढे पुढे तर इतका हात बसला, की गॅसवर दूध ठेवून जायचे आणि ते उतू जायच्या आत वर यायचे.

मिस्त्रीसमोर माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, आमच्याकडे उंदीर फार. तो शांतपणे म्हणाला, उंदीर वायर कुरतडतात, बाई, पक्कड धरत नाहीत. नटावर दात उमटलेत ते पकडीचे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो पुढे म्हणाला, तुम्ही कशाला घाबरता, ज्याने दुरुस्त केलंय त्याला सगळं माहीत आहे. आणि टॉर्च धरून त्याने मला दाखवलं. नटावर आणि त्याच्या खालच्या पट्टीवर बारीक लाल रेघा. एकीवर एक, जुन्या खरवडलेल्या, वर एक ताजी. नट घट्ट केला की त्यावरून अशी रेघ ओढायची, म्हणाला, मग पुढच्या वेळी बघता क्षणी कळतं. कंपनाने नट फार तर केसभर सरकतो, असे फेरे घेत नाही. ही लिफ्टवाल्यांची सवय, त्यांना विसरून चालत नाही.

मी तिथल्या खुर्चीत मटकन बसले. विकणाऱ्या पोराला वाटलं, जुन्या गाडीची किंमत ऐकून म्हातारी कोसळली. त्याने पाणी आणलं आणि किंमत वाढवून दिली. मी मात्र त्या लाल रंगाकडे बघत होते. माझ्या लेकीची नेलपॉलिश! आणि मी सहा वर्षं समजत होते, ती बाटली तू उशाशी घेऊन झोपतोस.

अरे लबाडा, म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. दर वेळी बोनेट उघडायचास, रेघ बघायचास, आणि सरळ चेहऱ्याने मला सांगायचास, कंपनामुळे होतं आई. एकदाही हसला नाहीस. एकदाही म्हणाला नाहीस की नुसतं बोलवा, मी येतो, कारण नुसतं बोलवायला मला लाज वाटत होती हेही तुला ठाऊक असणार. त्या दिवशी परत आल्यावर खाली गाडीतच बसून मी पोटभर रडले. मग जिना चढताना कठड्याला धरून थांबले, आणि आठवलं, गेल्या महिन्यात तू मागून येत होतास आणि मी इथेच थांबले होते. त्यानंतरच तू खिशातून तो कागद काढलास. मला सोय लावून देतोय असं वाटलं, ते तू माझा गुडघा बघून केलं होतंस. आणि लग्नाचं नाही बोललास, कारण आधीच्या सासूला ही बातमी कुठल्या तोंडाने सांगायची, ते तुला सुचलं नसेल. मला मायना सुचला नाही, तसंच.

काल सही करून आले. नवी म्हणजे दुसऱ्याची जुनी गाडी शुक्रवारी येईल. आपली मिस्त्रीच घेतोय, त्याच्या मुलीला चालवायला. मला माणूस पसंत आहे. तो नट मी त्याच्याकडून मागून घेतला आणि बटणांच्या डब्यात ठेवला. नव्या गाडीच्या बॅटरीवर घट्ट झाकण आहे, ते मला उघडत नाही. दुकानातच प्रयत्न करून पाहिला. म्हणजे आता मला गाडी बिघडवता येणार नाही, आणि तुला दुरुस्तीला यायचं कारण उरणार नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. येत्या पहिल्या रविवारी काहीही बिघडलेलं नसताना ये, आणि तिलाही घेऊन ये. मला तिला बघायचंय, वाढायचंय, आणि भोपळ्याच्या जागी पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारून आणायचीय. डावा पाय मी आता मांडी घालून वर घेते, तेव्हा घाबरू नको म्हणावं. ती मला काय म्हणेल ते तिचं ती ठरवेल. मी फोन करणार नाही. दहा वाजता वाट बघते. आणि खाली सही काय करायची याचा सकाळपासून विचार करतेय, पण सहा वर्षं बोनेटखाली डोकं घालून तू मला ज्या नावाने हाक मारलीस, तेच लिहिते.

तुझीच,
आई