आमच्या घराची कलचाचणी

कोल्हापूर,
मंगळवार

तीर्थस्वरूप गोमटेशदाजी यांना,
धाकट्या मेव्हण्याचा, भूपालचा, वाकून जय जिनेंद्र.

इकडं सर्व ठीक आहे, म्हणजे दारं-खिडक्या ठीक आहेत. माणसांचं पुढं लिहितो. तुमची, आक्काची आणि तुमच्या वडिलांची तब्येत बरी असेलच. (दाजी, हे मी फक्त रीत म्हणून विचारतोय, दुसरं काही मनात आणू नका. हल्ली मी कुणाला तब्येत विचारली की तो माणूस एक पाऊल मागं सरकतो. का, ते कळेलच.)

तुम्ही पुण्याहून फोनवर म्हणालात, अनेकांतची बारावी झाली, आता डॉक्टर का इंजिनियर असं त्याच्या मागं लागू नका, कलचाचणी करा, पोराचा ओढा कुठं आहे ते ती बरोबर सांगते. मला पटलं. मी बुंदीचं ताट घेऊन लोकांच्या पंगतीतनं फिरलो, मग आचाऱ्याच्या हाताखाली राबलो, मग स्वतःच्या कढया घेतल्या आणि आज गारगोटी रस्त्याला स्वतःचं मंगल कार्यालय आहे. या सगळ्यात माझा कल कुठं आहे हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी बुंदीकडं बोट केलं असतं. पोराचं तरी रीतसर व्हावं, एवढीच इच्छा.

राजारामपुरीतल्या संयोगिता मॅडमनी मोबाइलवर प्रश्न पाठवले आणि बजावलं की यात चूक-बरोबर काही नसतं, मनात येईल ते लिहायचं. आता चूक-बरोबर नसलेली परीक्षा आमच्या घराण्यात कुणी बघितलेली नाही. त्यामुळं आम्ही सगळे गोल करून बसलो आणि अनेकांतचे प्रश्न सोडवायला घेतले. धोका पत्करायला आवडतो का, यावर आई म्हणाली, आपल्यात तसलं कोण न्हाई म्हणून लिही. एकटं राहायला आवडतं का, यावर त्याच्या आईनं नाही लिहायला लावलं, कारण हो लिहिलं तर उद्या पोरगी कोण देणार. मातीत काम करायला आवडतं का, यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. ‘आवडतं, पण कांदा-बटाटा सोडून’ असं लिहायला तिथं जागाच नव्हती. रडणाऱ्या माणसाजवळ बसायला अवघड वाटतं का, याला मात्र पोरगं कुणाकडं न बघता नाही म्हणालं, आणि ते आम्ही मान्य केलं. लहानपणापासनं आमच्या कार्यालयात पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईला पाणी नेऊन द्यायचं आणि गप उभं राहायचं, हे काम त्याच्याकडंच आहे.

मॅडमनी आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, या उत्तरांत मुलगा कुठं दिसत नाही, ग्रामसभा दिसतेय. मग त्याला एकट्याला आतल्या खोलीत बसवलं आणि आम्हाला बाहेर. (दार जाड होतं, दाजी, मला काहीच ऐकू आलं नाही. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.) थोड्या वेळानं निकाल आला. पहिल्या नंबरला लिहिलं होतं: अंत्यविधी व्यवस्थापक.

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद आमच्याकडं आला. मॅडम समजावू लागल्या की चाचणी मूळची परदेशातली, तिकडं हा शिकून करायचा व्यवसाय आहे, गर्दीत शांत राहणं, दुःखी माणसाशी थोडं बोलणं, वेळ पाळणं हे गुण त्याला लागतात आणि ते मुलात भरपूर आहेत. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे मयताचं काम, व्हय?”

“हो आजी, तेच,” मॅडम म्हणाल्या.

दाजी, तुम्हीच बघा. आमच्या धंद्यात नारळसुद्धा फुटत नाही, वाढतो. सुतकातलं माणूस पायरीवर दिसलं तर नवरीकडचे माझ्याकडं बघतात. आणि त्या मंगल कार्यालयाच्या मालकाचा एकुलता एक मुलगा हे काम करणार. पुढचे चार दिवस माझा घास घशाखाली उतरला नाही, आणि मी जेवणावळीवर जगणारा माणूस आहे.

मी म्हणत होतो, चाचणी चुकली. तेवढ्यात शेजारच्या हंबीररावच्या आई, बयाबाई, गेल्या. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पंगतीच्या आवाजावरनं मी भटारखान्यात उभा राहून सांगतो की मठ्ठा कमी पडणार. तसा मयताच्या घराचाही एक आवाज असतो. सगळे हुकूम सोडत असतात आणि जागचं कुणी हलत नाही. एक म्हणतो गाडी बोलवा, दुसरा म्हणतो बोलावली, तिसरा म्हणतो कोणी. तो आवाज मी दारातच ऐकला. आणि बघता बघता तो खाली आला, पानावर पहिला भात पडला की पंगतीचा येतो तसा. मी टाचा उंचावून बघितलं तर मधोमध आमचं पोरगं. डॉक्टरांचा दाखला त्याच्या खिशात, शेणी-लाकडाची सोय झालेली, आणि हंबीररावची बहीण राधानगरीहून निघालीय, ती पोचल्याशिवाय उचलायचं नाही, हे त्यानं भावकीतल्या म्हाताऱ्यांना पटवलेलं. हंबीरराव, एवढा तालमीतला गडी, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याजवळ वाकून अनेकांत म्हणाला, “काका, तुम्ही नुसतं आईजवळ बसा. बाकीचं होतंय.”

माझ्या मागं कुणीतरी विचारलं, कुणाचं हो हे पोरगं? दुसऱ्यानं सांगितलं, मंगल कार्यालयवाल्यांचं. त्यानंतर जी शांतता पडली, तीही मी ऐकली.

तेव्हापासनं गल्लीत काही झालं की पहिला निरोप अनेकांतला. परवा पेठ वडगावचे पाहुणे लग्नाची तारीख घ्यायला आले, हॉल बघितला, चहा प्याले, आणि उठता उठता म्हणाले, तुमचा मुलगा ते काम करतो म्हणे? तारीख न घेताच गेले. अनेकांतची आई माझ्याशी बोलत नाही. पोरगं शांतपणे म्हणतं, पप्पा, मला हेच शिकायचंय. मी हबकलोय, दाजी, दुसरा शब्द नाही. चाचणीची कल्पना तुमची, म्हणून तुम्हालाच लिहिलं.

आक्काला नमस्कार.

तुमचा,
भूपाल

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. अनेकांतला पुण्याला तुमच्याकडं ठेवून घ्या. तिथं काय शिकायचं ते शिकू दे, इकडं आम्ही इव्हेंट मॅनेजमेंट म्हणून सांगू. (तसं ते खोटंही नाही.) नाहीतर कार्यालयाला कुलूप लागेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात हंबीरराव आला. त्याच्या लेकीचं लग्न आईच्या वर्षाच्या आत उरकायचंय, नाहीतर पुढं थांबावं लागतं. हॉल पाहिजे, पण एका अटीवर. म्हणाला, “सगळं अनेकांतनं बघायचं. माझ्या आईला ज्यानं नीट पोचवलं, त्यानंच माझी लेक पोचवायची.” मी वही काढून तारीख दिली. नंतर पोराला विचारलं, मग आता हे करणार का ते? म्हणाला, “दोन्ही करतो की पप्पा. माणसं तीच असतात.” तेव्हा पुण्याचं तूर्त राहू दे.

शेवटची ता. क. आईनं नातवाला बाजूला घेऊन आपण गेल्यावर काय कसं करायचं, त्याच्या सूचना द्यायला सुरुवात केलीय. पहिली मी दाराआडनं ऐकली: “तुझ्या बापाला काय काम सांगू नको. त्यो लई रडणार हाय.”