मोनालीचा ओरिजनल कागद

१ जानेवारी २०२५, बुधवार
बियाणे कंपनीची नवी डायरी मिळाली. पानोपानी सोयाबीनचे फोटो. यंदा कशाचीही चिंता करायची नाही. पक्कं.

सूनबाई मोनाली नर्सिंगला परत जाणार. लग्नाआधी दोन वर्षं केली होती. मग आकांक्षा झाली, मग छोटी. नऊ वर्षं गेली. अंबड रोडच्या एका दवाखान्यानं निवडली आहे. १३ तारखेला हजर व्हायचं, पण १० च्या आत नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा ओरिजनल कागद दाखवायचा. नाहीतर दुसरीला घेणार.

कागद माझ्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला. तीस वर्षं शाळेत शिपाई होतो. शिक्षण सातवी, पण हेडमास्तर म्हणायचे, कडूबा, कागद तुझ्याकडं म्हणजे बँकेत.

मोनालीनं चार वर्षांपूर्वीही एकदा नोकरीसाठी कागद मागितला होता. छोटी तान्ही होती. तेव्हा किल्ली सापडत नव्हती. गळ्यातच होती.

३ जानेवारी, शुक्रवार
मोनालीनं सरावासाठी बीपीचं मशीन आणलं. माझं जास्त निघालं. मशीन नवं आहे, चुकत असेल. गोपिकाबाई म्हणाली, मशीनला काय दोष, तुम्ही जन्मापासून घाबरूनच राह्यलेत. चाळीस वर्षांच्या संसारात बायको एकदा चांगलं बोलली नाही.

ट्रंक उघडून कागद बघितला. घडीवर फाटत आला आहे. असा कागद साहेबापुढं ठेवायचा? घराची इज्जत आहे. उपाय सुचला. कोणाला सांगणार नाही.

४ जानेवारी, शनिवार
मस्तगडला महेमूदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. म्हणालो, लॅमिनेशन कर. तो म्हणाला, चाचा, ओरिजनल पे मत करो, झेरॉक्स पे करो, ओरिजनल पे ठप्पे लगते. मी म्हणालो, बेटा, तू पैदा बी नव्हता तवापासून कागद सांभाळतो मी. तो म्हणाला, मर्जी आपकी.

मशीनमधून कागद निघाला तो आरशासारखा. माझं तोंड दिसलं त्यात.

मोनालीच्या हातात दिला. ती नखानं प्लॅस्टिकची कडा खरवडून बघत राहिली. फार आनंद झाला की माणसाला असंच खरं वाटत नाही.

६ जानेवारी, सोमवार
मोनाली दवाखान्यातून परत आली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, पडताळणीचा शिक्का आता कुठं मारू? प्लॅस्टिकवर शाई थांबत नाही.

त्यांची शाईच हलकी असणार.

मोनाली म्हणाली, मामा, आता तुम्ही काही करू नका, मी बघते. पोरींचे हात लागू नयेत म्हणून कागद मात्र माझ्याच ट्रंकेत ठेवायला दिला. म्हणजे मनातून तिला वाटतं, मामांनी काहीतरी करावं.

७ जानेवारी, मंगळवार, स. ११
मोनाली छोटीला घेऊन अंगणवाडीत. गोपिकाबाई शेजारी. घरात मी आणि इस्त्री. लॅमिनेशन गरम करून चिकटवतात, म्हणजे गरम करूनच सुटणार. साधी गोष्ट आहे, पण शिकलेल्यांना सुचत नाही.

स. ११.१०
एक कोपरा सुटला. बराबर.

स. ११.१५
वास येतोय.

स. ११.२०
प्लॅस्टिक निघालं. कागदाचा वरचा पापुद्रा घेऊन निघालं. मोनालीचं नाव कागदावर राहिलं, नंबर प्लॅस्टिकवर गेला. फोटोत ती एकवीस-बावीसची असेल. डोळे प्लॅस्टिककडं, हनुवटी माझ्याकडं.

दु. १२
दोन्ही ट्रंकेत. कुलूप.

८ जानेवारी, बुधवार
मोनालीनं कागद मागितला. किल्ली सापडत नाही म्हणालो. तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं. चार वर्षांपूर्वीही अशीच उभी राहिली होती.

आज बीपी मोजून घेतलं नाही.

एखादं वर्ष थांबली तर काय बिघडतं, असं मनात आलं. नुसतं आलं. गोपिकाबाईचे गुडघे गेलेले. दिवसभर दोन पोरी मी कशा सांभाळू? छोटी रडायला लागली की माझेच हातपाय गळतात. हे मला कोणी विचारलंच नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार
जेवताना आकांक्षा म्हणाली, आजोबांनी मम्मीच्या फोटोला इस्त्री केली. मंगळवारी खोकल्यामुळं ती शाळेत गेली नव्हती, हे ध्यानातच राहिलं नाही.

पोरगा परमेश्वर ताटावरून उठला. म्हणाला, दादा, काय करून राह्यले तुम्ही हे? पोटचा मुलगा असा बोलतो. गोपिकाबाई म्हणाली, शाळेत शिपाई होते तवा सुट्टीची घंटा बी ऐकू गेली नसंल म्हणून दोनदा वाजवायचे.

मोनाली ओरडली नाही. हात पुढं केला. दोऱ्याची गाठ मला सुटेना. तिनंच दोरा कात्रीनं कापला. नर्सचा हात आहे, कुठं टोचलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
मोनाली तुकडे घेऊन दवाखान्यात गेली. मलाही नेलं. मोठ्या सिस्टर बेबीनंदा म्हणून आहेत. त्यांनी प्लॅस्टिकवरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला. नोंद निघाली. नवी प्रत येईपर्यंत महिनाभर चालवून घेऊ म्हणाल्या, पण कागद कसा खराब झाला ते लिहून द्या, ज्यानं केला त्याच्या सहीनं.

मी लिहिलं, कागद जुना होता व हवा दमट होती. मोनालीनं वाचून परत सरकवला. म्हणाली, मामा, खरं लिहा.

दुसऱ्यांदा लिहिलं. लॅमिनेशन लिहिलं, इस्त्री लिहिली. हात थांबेना, म्हणून चार वर्षांपूर्वी किल्ली गळ्यातच होती हेही लिहिलं. बेबीनंदा सिस्टर म्हणाल्या, काका, एवढं लागत न्हाई. मोनालीनं ते वाक्य दोनदा वाचलं. खोडू दिलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार, स. ७
मोनाली ड्यूटीवर गेली. जाताना माझं बीपी मोजलं. आकडा सांगितला नाही, फक्त गोळी हातावर ठेवली.

स. ७.४०
आकांक्षाची वेणी घालायला बसलो. पेड तीन, हात दोन. ती म्हणाली, राहू द्या आजोबा, मी रबर लावते. छोटी रडून राह्यली. गोपिकाबाई भोगीची भाजी निवडत हसते आहे.

स. १०
अंगणवाडीच्या बाईंचा निरोप आला, छोटीचा जन्मदाखला पाठवा. ट्रंकेकडं गेलो. हात गळ्याशी गेला. दोरा नाही.

किल्ली आता आकांक्षाच्या कंपासपेटीत असते. शाळेला निघता निघता ती म्हणाली, कोणता कागद पाहिजे ते सांगा, हात लावू नका.

सांगितला. तिनं काढून दिला.

झेरॉक्स.