कुलपाचं गाणं

आद्रे, निर्वासितांची छावणी,
बुधवार, १२ फेब्रुवारी

थोरला भाऊ अबकर यास,

खमीसाचा सलाम. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. नसायला काही कारणही नाही म्हणा.

मी बरी आहे. झोपडीवर नवी ताडपत्री आली. वारा सुटला की फडफडते, पण उडत नाही. शेजारची कल्तूमा माझ्याच चुलीवर रांधते आणि अखंड बोलते. तुझी चहापत्ती आणि साखर ट्रकवाल्या इसाकनं काल पोचवली. साखर मी झोपड्यांच्या सगळ्या रांगेत वाटून टाकली. गोड होती.

पत्रही वाचलं. रमजानच्या आधी नफीसाचं लग्न उरकायचं म्हणतोस, आणि त्या लग्नात मी गावं अशी तुझी इच्छा. "सख्खी आत्या हकामा, आणि गायला आली नाही, तर व्याही काय म्हणतील?" व्याह्यांची काळजी आहे तुला! हकामेचं काम काय ते तुला ठाऊक आहे. शूराला वाखाणायचं आणि नालायकाची लक्तरं वेशीवर टांगायची. आईनं बैलचोर हारूनवर गाणं केलं तेव्हा तो रातोरात गाव सोडून गेला. त्याच्या नातवंडांना लोक अजून त्याच गाण्यानं ओळखतात. तेव्हा तू पोट धरून हसला होतास.

इथली एक बातमी. आमची ज्वारी एका चिमुकल्या देशाचं सरकार पुरवतं. त्या देशाचं नाव कुणाच्याच जिभेवर बसत नाही. सगळा देश मिळून म्हणे आपल्या एका तालुक्याएवढा.

कल्तूमा म्हणाली, "एवढ्याशा देशाला सरकार कशाला लागतं गं? एक शेख पुरला असता!"

"त्यांच्याकडे ज्वारी पिकत नाही. दुसरीकडून विकत घेऊन आपल्याला पाठवतात."

"म्हणजे आपला ज्वारीचा असिदा त्यांनी कधी तोंडात घातला नाही, आणि तरी देतात?"

 

पहिल्या दिवशी नाव नोंदवताना तिथल्या मुलीनं विचारलं, "घरात किती माणसं?" मी सवयीनं म्हटलं, "दोघी." तिनं तसं लिहून घेतलं. पोतं उचलताना माझ्या लक्षात आलं. परत जाऊन सांगितलं, "बाई, चुकले. एकटीच."

तुझ्या पत्रात आष्टाचं नाव नाही. सगळ्यांची विचारपूस केलीस, माझ्या बकरीचीसुद्धा. म्हणून मीच लिहिते. गावाला वेढा पडला त्याच्या सतराव्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन मी तुझ्या दारात उभी होते. तुझं कोठार आणि माझी खोली, मधे भिंत एकच. तुझ्या पोत्यांत उंदीर खुडबुडायचे ते मला ऐकू यायचं. मी मूठभर ज्वारी मागितली. तू म्हणालास, "आज तुला दिली तर उद्या सगळी गल्ली येईल." आणि माझ्यासमोर कुलूप ओढून पाहिलंस, नीट लागलंय ना म्हणून. तुझे उंदीर जेवले, अबकर. माझी आष्टा त्यानंतर चौथ्या दिवशी गेली. पाच वर्षांची होती. तू ट्रकनं निघून गेलास आणि ती पोती शेवटी लुटारूंनीच नेली.

"झालं गेलं विसरून जा," म्हणतोस. नाही विसरणार. तुझं वाईट व्हावं असं मला वाटतं, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

परवा त्या देशाचे पाहुणे आले होते. छावणीचा शेख म्हणाला, "खमीसा, आभाराचं गाणं होऊ दे." मी उभी राहिले आणि गायले:

*सात देशांपल्याडच्या हातानं मूठ उघडली,*
*एका भिंतीपल्याडच्या हातानं कुलूप ओढलं.*
*परक्यानं विचारलं नाही मी कोण,*
*सांगा गं बायांनो, तो सख्खा कोण?*

पाहुण्यांतल्या उंच बाईनं दुभाष्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, "तुमचे आभार मानतेय." खोटं नव्हतंच ते. ती बिचारी टाळ्या वाजवत नाचली. आपल्या बायकांच्या टाळ्या मात्र मधेच थांबल्या. "कोण गं तो?" सगळ्या विचारायला लागल्या. मी नाव घेतलं नाही. आता पाण्याच्या नळावर पोरी तेच गाणं म्हणतात. काल तुझी साखर माझ्या हातात ठेवताना इसाकही तेच गुणगुणत होता. त्याला काय ठाऊक!

तर मी येते. नफीसाचा यात काही दोष नाही. तिचा निकाह नीट लागू दे, व्याही पोटभर जेवू देत. तिच्यासाठी आईचं जुनं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणेन. मग लोक कुलपाचं गाणं मागतील, कारण इसाकच्या ट्रकमधून ते माझ्या आधीच तिथं पोचलेलं असेल. भर मांडवात बायका विचारतील, "तो सख्खा कोण?" आणि या वेळी मी नाव घेईन.

तेव्हा तू कुठं बसायचं ते आत्ताच ठरवून ठेव.

अजून तुझ्या दारातच उभी असलेली,
आष्टाची आई
खमीसा